आतड्यातला साक्षीदार : दाहाची नोंद ठेवणारे जिवाणू

तत्त्वज्ञानाच्या माणसाने जिवाणूंवर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न अधिकाराचा येतो. तो रास्त आहे. प्रयोगशाळेतलं काम आम्ही केलेलं नाही, आणि आम्ही डॉक्टर आहोत ते फक्त नावापुढे लावण्यापुरते. पण आजचा विषय जितका जीवशास्त्राचा आहे तितकाच ज्ञानाचाही आहे. जे डोळ्याआड घडतं ते ओळखायचं कशावरून? त्याची खूण कोणती? आणि त्या खुणेवर विश्वास किती ठेवायचा? आमच्या शास्त्रात हे प्रश्न दोन हजार वर्षं घोळत आले आहेत. आता तेच प्रश्न आतड्यातल्या एका जिवाणूच्या निमित्ताने वैद्यकापुढे उभे राहिले आहेत, म्हणून हे व्याख्यान.

आधी आजार समजून घेऊ. आतड्याला दीर्घकाळ दाह होण्याचे दोन मुख्य आजार आहेत. एक अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, शौचावाटे रक्त जातं. दुसरा क्रोन्स डिसीज. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1932 मध्ये त्याचं वर्णन केलं. हा पचनमार्गात कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. हे पाश्चात्त्यांचे आजार, आपल्याकडे नाहीत, असं पूर्वी म्हटलं जायचं. पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी पाहणी करून 2003 मध्ये आकडा प्रसिद्ध केला, तेव्हा लाखामागे सुमारे 44 जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचं दिसलं. म्हणजे आजार आपल्याकडेही होता.

या आजारांचा स्वभाव लहरी असतो. काही महिने माणूस ठणठणीत, मग अचानक भडका. आणि अवघड भाग असा की रुग्णाला बरं वाटत असतानाही आत दाह धुमसत असू शकतो. तो कळायचा कसा? दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, हा सर्वांत भरवशाचा मार्ग. पण त्यासाठी आदल्या दिवशी पोट पूर्ण साफ करायचं, उपाशी राहायचं, कामावर खाडा, सोबत घरचं एक माणूस, आणि खर्च वेगळा. करमाळ्याहून किंवा मंगळवेढ्याहून सोलापूरला येऊन हे करणाऱ्याला ते वर्षातून किती वेळा परवडेल? दुसरा मार्ग शौचाच्या तपासणीचा. दाह असला की तिथे पांढऱ्या पेशी गोळा होतात, त्यांच्यातलं कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन शौचात उतरतं, ते मोजतात. चांगली तपासणी आहे. पण ती सांगते त्या दिवसापुरतं. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात आत कोणी जागं नसतं.

मग विचार असा निघाला, की जो कायम आतच राहतो त्यालाच जागं ठेवलं तर?

आत राहणारे पुष्कळ आहेत. 2016 मधल्या एका अंदाजानुसार माणसाच्या शरीरात स्वतःच्या सुमारे 30 लाख कोटी पेशी असतात, आणि जिवाणू सुमारे 38 लाख कोटी. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. त्यांच्यापैकीच एक ई. कोलाय. जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशरिश यांना तो 1885 मध्ये तान्ह्या मुलांच्या शौचात सापडला. त्याच्या नावाने आपल्याला भीती वाटते, कारण पाणी दूषित झाल्याच्या बातमीत त्याचं नाव येतं. पण त्याच्या बहुसंख्य जाती निरुपद्रवी आहेत, आणि जीवशास्त्राला त्याच्याइतका ओळखीचा दुसरा जिवाणू नाही.

हार्वर्डमधल्या पामेला सिल्व्हर यांच्या प्रयोगशाळेने, डेव्हिड रिग्लर आणि इतरांनी, 2017 मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. उंदराच्या आतड्यात मुळातच राहणारा ई. कोलाय त्यांनी घेतला आणि त्याच्या जनुकांत बदल करून त्याला तीन गोष्टी दिल्या. वास घेणारं नाक, घडलेलं लक्षात ठेवणारं बटण, आणि बाहेर आल्यावर ओळखू यावी अशी खूण. तिन्ही एकेक करून पाहू.

आधी नाक. दाहाचा वास म्हणजे काय? आपल्या आतड्यातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा वास येतो ना, तोच वायू. तो विषारी असल्यामुळे आतड्याचं अस्तर त्याचं थायोसल्फेट नावाच्या सौम्य पदार्थात रूपांतर करतं. एरवी गोष्ट इथे संपते. पण दाह झाला की पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जंतू मारण्यासाठी ऑक्सिजनचे अतिशय तिखट रेणू सोडतात. त्यांच्या माऱ्यात थायोसल्फेटचं टेट्राथायोनेट होतं. हे नाव लक्षात ठेवा. आजच्या व्याख्यानात धूर म्हणजे हाच.

गंमत अशी, की हा धूर पहिल्यांदा वापरला तो चोराने. साल्मोनेला, ज्याच्या एका प्रकाराने टायफॉइड होतो आणि दुसऱ्यांनी अन्नातून विषबाधा, तो आतड्यात दाह पेटवतो आणि मग त्या दाहातून निघालेलं टेट्राथायोनेट ऑक्सिजनच्या जागी श्वासासाठी वापरतो. इतर जिवाणूंना ते जमत नाही, म्हणून तो त्यांच्या पुढे जातो. कॅलिफोर्नियातल्या सेबास्टियन विंटर, आंद्रेआस बॉइम्लर आणि सहकाऱ्यांनी हे 2010 मध्ये दाखवलं. पण साल्मोनेला वाढवायचा तर टेट्राथायोनेट घातलेलं द्रावण वापरावं, हे प्रयोगशाळांना 1923 पासून माहीत होतं! उपाय हाती होता. शरीराच्या आतही तेच चाललेलं असतं, हे कळायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली.

टेट्राथायोनेट ओळखण्यासाठी साल्मोनेलाकडे दोन प्रथिनांची जोडी असते. एक पेशीच्या आवरणात बसून बाहेरचा वास घेतं आणि दुसऱ्याला इशारा देतं. दुसरं जाऊन ठरावीक जनुकं चालू करतं. हार्वर्डच्या लोकांनी ही जोडीच उचलून निरुपद्रवी ई. कोलायमध्ये बसवली. चोराचं नाक पहारेकऱ्याला दिलं, म्हणा ना.

आता बटण. नुसता वास येऊन भागत नाही, कारण टेट्राथायोनेट फार टिकत नाही. जिवाणूला वास आला वरच्या भागात, आणि तो शौचावाटे बाहेर पडला तासांनी किंवा दिवसांनी. तोवर धूर विरलेला. म्हणून आलेला वास त्याच्यात नोंदून राहिला पाहिजे. ही नोंदवही आली एका विषाणूकडून. जिवाणूंवर जगणारे विषाणू असतात, त्यांतला लॅम्डा हा एस्थर लेडरबर्ग यांनी 1951 च्या सुमारास शोधला. या विषाणूत दोन प्रथिनं एकमेकांना दाबून धरतात. एक वर असलं की दुसरं खाली. मधली अवस्था नाही. आपल्या भिंतीवरच्या दिव्याच्या बटणासारखं, एकदा दाबलं की बोट काढलं तरी तसंच राहतं. आणि जिवाणू दुभंगून दोन झाले तर दोघांतही बटण त्याच बाजूला. म्हणजे आईने घेतलेला वास लेकीच्या, नातीच्या अंगातही नोंदलेला.

राहिली खूण. बटण उलटलं की जिवाणू एक विकर तयार करू लागतो. शौचाचा नमुना विशिष्ट रंगद्रव्य घातलेल्या बशीत वाढवला, की बटण उलटलेल्या जिवाणूंचे ठिपके निळे दिसतात. निळे किती, पांढरे किती, मोजायचं. झाली तपासणी.

इतकं ऐकून वाटेल, झालं की काम. पण खरी अडचण पुढेच आहे, आणि ती सोलापूरकरांना आमच्यापेक्षा लवकर कळेल. आपली चादर जॅकार्डवर विणली जाते. नक्षी विणकराच्या हातात नसते, ती कार्डाच्या भोकांत असते. भोक असेल तिथे एक दोरा उचलला जातो, नसेल तिथे नाही. मागाला फूल काय, मोर काय, काही ठाऊक नसतं. डीएनए हे असंच कार्ड समजा. आता कल्पना करा, की माग रोज स्वतःची प्रत काढतो, आणि प्रत काढताना कार्डाचीही नक्कल होते. नकलेत कधीतरी एखादं भोक चुकणारच. पुढचा भाग महत्त्वाचा आहे. ज्या मागाचं नक्षीचं कार्ड बिघडलं, त्याचं काम हलकं झालं, तो जास्त वेगाने प्रती काढू लागला. काही आठवड्यांत कारखाना भरून जाईल तो बिनानक्षीच्या मागांनी. जिवाणूंचं अगदी असंच होतं. नाक, बटण, खूण हे आपल्या सोयीचे, त्याच्या दृष्टीने निव्वळ ओझं. ओझं टाकणारा पुढे जातो. डार्विनचा नियम आपल्या योजनेला विचारत नाही.

म्हणून 2017 च्या कामाचं महत्त्व नाकाला नाही, टिकण्याला आहे. त्यांनी ही यंत्रणा जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रातच बसवली आणि तिचं ओझं अगदी कमी ठेवलं. उंदरांच्या आतड्यात ती सहा महिने काम करत राहिली आणि तिच्या जनुकांत बिघाड झाला नाही. साल्मोनेलाने दाह पेटवलेल्या उंदरांत तिने दाह ओळखला, आणि जनुकातल्या दोषामुळे दाह होणाऱ्या उंदरांतही ओळखला. सहा महिने हा उंदराच्या आयुष्यातला मोठा तुकडा आहे. पण उंदीर तो उंदीर, हेही विसरू नये.

आता आमच्या शास्त्राकडे येतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. न्यायदर्शनातलं हे उदाहरण आपण ऐकलेलं असतं. ते खरं ठरतं कारण जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती आहे. पण नैयायिक तिथेच थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, उलटं म्हणता येईल का? जिथे अग्नी तिथे धूर? आणि उत्तर दिलं, नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला अग्नीबरोबर ओलं इंधनही लागतं. या जास्तीच्या अटीला त्यांनी उपाधी म्हटलं.

हे आपल्या जिवाणूला लावून पाहा. टेट्राथायोनेट सापडलं, तर दाह आहे, हे अनुमान बऱ्यापैकी धरून आहे. पण बशीत निळा ठिपका नाही म्हणून दाह नाही, असं म्हणता येईल का? नाही. दाह आहे पण जिवाणू त्या जागी पोचलेच नाहीत, असं होऊ शकतं. थायोसल्फेटच कमी असेल, म्हणजे इंधन ओलं नसेल. दुसऱ्याच जिवाणूंनी टेट्राथायोनेट आधी संपवलेलं असेल. पहारेकरी ओरडला तर उठावं हे खरं. तो गप्प आहे म्हणून चोर नाही, असं मानून झोपू नये.

दुसरी मर्यादा आपल्यासाठी आणखी महत्त्वाची. धुरावरून अग्नी कळतो, तो कोणी लावला हे कळत नाही. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग आहे. तो आणि क्रोन्स डिसीज दुर्बिणीतून इतके सारखे दिसतात की जाणकार डॉक्टरही बुचकळ्यात पडतात. आणि निदान चुकलं तर नुसता वेळ जात नाही. क्रोन्सवरची काही औषधं रोगप्रतिकारशक्ती दाबणारी असतात. ती क्षयरोग्याला दिली तर क्षय भडकतो. उलट क्रोन्सच्या रुग्णाला महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या तर त्याचा आजार आत वाढत राहतो. यात भर टायफॉइडची, आमांशाची, उन्हाळ्यातल्या दूषित पाण्याची. बोस्टनमधल्या रुग्णात निळा ठिपका म्हणजे बहुधा आजार उलटला. इथे त्याच ठिपक्याचे चार अर्थ निघू शकतात. संवेदक तोच, पण गाव बदललं की त्याच्या साक्षीचा अर्थ बदलतो.

साक्ष हा शब्द आम्ही वापरला, तोही जपून घ्यायला हवा. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात बुद्धीचे दोन प्रकार सांगितले आहेत, स्मृती आणि अनुभव. स्मृती केवळ संस्कारातून उपजते, आणि संस्कार म्हणजे अनुभवाने मागे ठेवलेला ठसा. जिवाणूकडे फार तर हा ठसा आहे. त्याने काही पाहिलं नाही, त्याला काही आठवत नाही. ठशावरून ज्ञान होतं ते वाचणाऱ्याला. म्हणून "जिवाणूने सांगितलं" असं उद्या कोणी रिपोर्टवर बोट ठेवून म्हणू लागला, तर त्याला विचारावं, वाचलं कोणी? निदानाची जबाबदारी ठशावर ढकलता येत नाही.

पुढचा प्रश्न, हा पाहुणा आपल्या आतड्यात टिकेल का? आतडं म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली एसटी. जागा आधीच भरलेल्या. उंदरांवरच्या प्रयोगांत पाहुण्याला जागा व्हावी म्हणून बरेचदा आधी अँटिबायोटिक देऊन गर्दी कमी करतात. माणसात तसं सर्रास करणं शहाणपणाचं नाही. शिवाय बसमधले प्रवासीही ठिकठिकाणी वेगळे. आपल्या पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर बरीच वर्षं काम केलं. भारतीय आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या गटांचं प्रमाण जास्त दिसतं, असं त्यांच्या गटाने 2016 मध्ये मांडलं. धान्य, डाळी, तंतुमय अन्न यांच्याशी प्रिव्होटेलाचा संबंध जोडला जातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेलं आतडं आणि पावावर वाढलेलं आतडं यांत पाहुण्याचं स्वागत सारखंच होईल, असं गृहीत धरता येत नाही. इथे तपासल्याशिवाय ते कळणार नाही. आणि घसा दुखला की दुकानातून अँटिबायोटिक आणून खायची आपली सवय आहेच. पहिल्या पाकिटातच आपला पहारेकरी गारद!

आता सुरक्षिततेचं बोलू. गोळी घेतली, नको वाटली, बंद केली, संपलं. जिवाणू वाढतो. तो शौचावाटे बाहेर पडतो, गटारात जातो, नाल्यात जातो. घरातल्या दुसऱ्या माणसापर्यंतही पोचू शकतो. याला उत्तर शोधणारे लोक आहेत. बेल्जियममधल्या गेंट इथे लोथार स्टाइडलर यांनी दाह शमवणारं प्रथिन स्रवणारा एक जिवाणू घडवला. त्याच्यातलं थायमिडीन बनवणारं जनुकच त्यांनी काढून त्या जागी औषधाचं जनुक बसवलं. थायमिडीनशिवाय जिवाणूला डीएनएची प्रत काढता येत नाही, म्हणजे शरीराबाहेर तो जगत नाही. क्रोन्सच्या दहा रुग्णांवर त्याची पहिली चाचणी झाली, ती 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. पण तो जिवाणू आतड्यातून जाणारा वाटसरू होता. आपल्या साक्षीदाराने महिनोन्‌महिने राहावं अशी अपेक्षा आहे. टिकावा पण सुटू नये, या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात.

म्हणून काहींनी मधला रस्ता काढला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने 2018 मध्ये एक गिळायची कॅप्सूल दाखवली. तिच्या कप्प्यात बंदिस्त जिवाणू असतात. रक्ताचा अंश लागला की ते मंद उजेड देतात, आतलं इलेक्ट्रॉनिक यंत्र तो उजेड टिपतं आणि फोनवर कळवतं. प्रयोग डुकरांवर झाला. यातला जिवाणू म्हणजे ई. कोलाय निसल. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, आल्फ्रेड निसल यांनी तो एका सैनिकाकडून मिळवला. सोबतचे आमांशाने आजारी पडले असताना हा गडी धडधाकट राहिला होता! कॅप्सूल आली तशी निघून जाते, जिवाणू मोकळा सुटत नाही. पण मग सहा महिन्यांची राखणही होत नाही.

कायद्याचं म्हणाल, तर जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांसाठी आपल्याकडे 1989 चे नियम आहेत, 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. संस्थेतल्या जैवसुरक्षा समितीपासून केंद्रातल्या जीईएसीपर्यंत परवानगीच्या पायऱ्या आहेत. मालकीचा प्रश्न वेगळाच. आनंद मोहन चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञाने तेल खाणारा जिवाणू घडवला, आणि 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की माणसाने घडवलेल्या जिवाणूवर पेटंट मिळू शकतं. आपल्या पेटंट कायद्यानेही वनस्पती आणि प्राणी वगळले, सूक्ष्मजीव मात्र त्या वगळणुकीत नाहीत. म्हणजे उद्या आपल्या पोटात राहणाऱ्या, आपलंच अन्न खाणाऱ्या, आपल्याच आजाराची नोंद ठेवणाऱ्या जिवावर दुसऱ्या कोणाचा हक्क असू शकतो. ती नोंद कोणाची? रुग्णाची, दवाखान्याची, की पेटंटवाल्याची? विमा कंपनीने मागितली तर? हे प्रश्न आजच विचारायला हवेत. जिवाणू बाजारात आल्यावर विचारले तर उत्तरं त्यांच्या सोयीची मिळतील.

मग आमचं मत काय, असं कोणी विचारील. हे संशोधन व्हावं, असं आम्हाला वाटतं. आजार आत धुमसतो आहे आणि कोणालाच कळत नाही, ही अवस्था रुग्णाला फार महाग पडते, आणि दूरच्या गावातल्या गरीब रुग्णाला सर्वांत महाग. त्याला घरबसल्या महिन्यातून एकदा खरी खबर मिळाली तर ते मोठं काम होईल. पण ते आपल्या उपयोगी पडायचं असेल तर त्याची परीक्षा आपल्या आतड्यात, आपल्या क्षयाच्या आणि टायफॉइडच्या गर्दीत व्हायला हवी. आणि रुग्णाची संमती घेताना त्याला तीन गोष्टी त्याच्या भाषेत सांगितल्या पाहिजेत. हा जीव तुमच्यात वाढेल. तो काढायचा झाला तर असा काढता येईल. आणि तो गप्प राहिला, तर त्याचा अर्थ तुम्ही बरे आहात असा होत नाही.

तिसरी गोष्ट सांगणारा डॉक्टर भेटला, तर तो न्यायशास्त्र न शिकताही नैयायिक आहे असं आम्ही समजू.